गोरोंगोरोत जिराफ खाली छापले, आणि गाई कुठं गेल्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या रविवारच्या पुरवणीत टांझानियातल्या गोरोंगोरोवर पानभर लेख आला, फोटो छान होते, घरी सगळ्यांनी वाचला. पण त्यात क्रेटरमध्ये (म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या कटोऱ्यात) उतरताच जिराफांचा कळप दिसला असं जे छापलंय ते चुकलंय हो. क्रेटरच्या तळाला जिराफ नसतात. कडा इतका उभा आहे की तसले काटकुळे पाय घेऊन जिराफ खाली उतरत नाही, आणि उतरला तरी तिथं त्याला ओरबाडायला पुरेशी झाडं नाहीत, बहुतेक सगळं गवतच. वर, बाहेरच्या उतारावर बाभळींमध्ये मात्र भरपूर आहेत, आम्हाला रस्त्यातच अकरा दिसले, बायकोनं मोजले. लेखकानं वर बघितले असतील आणि लिहिताना खाली नेले, होतं असं. एवढंच असतं तर मी पत्र लिहायला बसलोच नसतो. पण त्या अख्ख्या पानात सिंह आले, हत्ती आले, टेंट आला, बुफेतला पायनॅपल ज्यूससुद्धा आला, आणि तिथं राहणारी माणसं दोन ओळीत उरकली, मसाईंचा डान्स बघितला म्हणून. त्यांच्या गाईंना तर अर्धी ओळपण नाही. मी ३४ वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली त्यामुळं असेल, पण मला तिथं गाई कुठं दिसल्या आणि कुठं अजिबात दिसल्या नाहीत यातच त्या जागेची अर्धी गोष्ट आहे असं वाटतं.

मी आटपाडीकडचा, पशुधन पर्यवेक्षक म्हणून रिटायर झालो. मुलगी-जावई मागं लागले की बाबा आयुष्यभर गाई-म्हशीच बघितल्या, आता जरा सिंह बघा, म्हणून यंदा फेब्रुवारीत एका ग्रुपबरोबर गेलो. मुंबई ते नैरोबी विमान, तिथून नमंगाच्या बॉर्डरवरून गाडीनं अरुशा. केनियातून यायचं म्हणून यलो फिव्हरचं इंजेक्शन आधीच घेतलेलं. बॉर्डरवर प्लास्टिकच्या पिशव्या बॅगेतून काढून टाकायला लावतात, टांझानियात २०१९ पासून कॅरीबॅग बंद आहे, आपल्याकडं २०१८ ला बंद केली पण भाजीवाल्याकडं अजून मिळते तसं तिथं नाही. बायकोनं चटण्या सगळ्या कॅरीबॅगेत बांधलेल्या, त्या रुमालात ओतून घ्याव्या लागल्या आणि पुढचे आठ दिवस माझ्या शर्टाला शेंगदाण्याच्या चटणीचा वास.

आता जागा सांगतो, कारण लेखात क्रेटर म्हणजेच गोरोंगोरो असं वाटतं. तसं नाही. अख्खं क्षेत्र ८ हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे आणि क्रेटरचा तळ त्यातला जेमतेम २६० चौरस किलोमीटर. पंचवीसेक लाख वर्षांपूर्वी मोठा ज्वालामुखी स्वतःतच खचला आणि हा कटोरा तयार झाला, कडा सुमारे ६०० मीटर उंच. गेटमधून आत शिरलं की पहिल्यांदा लागतं ते दाट ओलं जंगल, धुकं एवढं की ड्रायव्हरनं दिवे लावले, झाडांवर दाढ्यांसारखं शेवाळ लोंबतंय, थंडीनं दात वाजायला लागले आणि आमच्यातले एक काका म्हणाले आफ्रिका म्हणून हाफ चड्डी आणली की राव. पण डोंगर ओलांडून पश्चिमेला उतरलात की एकदम कोरडं. झाड संपतं. बोटभर गवत आणि आभाळ. ग्रुपमधल्या लोकांना नवल वाटत होतं, मला नाही, मी माणदेशातला माणूस. महाबळेश्वरला पाऊस कोसळतो आणि आमच्याकडं तोच ढग रिकामा होऊन येतो, तेच गणित, फक्त दिशा उलटी, तिथं वारा पूर्वेकडून हिंदी महासागरावरून येतो, डोंगराच्या पूर्व अंगाला सगळं ओतून टाकतो आणि मागच्या सेरेंगेटीच्या मैदानाला उरलंसुरलं. शिवाय त्या मैदानात ज्वालामुखीची राख बसून खाली चुन्यासारखा टणक थर झालाय, झाडाचं मूळ आत जातच नाही. पण त्याच राखेमुळं गवतात कॅल्शियम भरपूर, आणि विणाऱ्या जनावराला आणखी काय पाहिजे, म्हणून फेब्रुवारीत वाइल्डबीस्ट (गाईसारखं दिसणारं मोठं हरीण) पिल्लं घालायला बरोबर तिथंच येतात. दोन-तीन आठवड्यांत पाच लाखांच्या आसपास पिल्लं. मी आयुष्यात हजारभर वेत तरी हात घालून सोडवली असतील, इथं समोर उभ्याउभ्या गाईसारखं जनावर वितंय आणि सात-आठ मिनिटांत पिल्लू उठून आईमागं पळतंय, हे बघून मी गाडीतल्या गाडीत टाळी वाजवली. ड्रायव्हर हसला.

त्या ड्रायव्हरबद्दल पण सांगायला पाहिजे. मसाई नव्हता, पण बायको मसाई, त्यामुळं त्याला दोन्हीकडचं कळायचं. स्वाहिलीत गाडीला गारीच म्हणतात, दुकानाला दुका, चहाला चाय, विम्याला बीमा, हे ऐकल्यावर आमची जी गट्टी जमली ती शेवटपर्यंत. झेब्र्याला म्हणतात पुंडा मिलिया, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचं गाढव. बरोबरच आहे की.

तर त्या हिरव्यागार मैदानात, न्दुतू नावाच्या भागाकडं, दोन दिवस फिरताना मला एक गोष्ट खटकत होती. एवढं चांगलं गवत, आणि मसाईची एकपण गाय नाही. आदल्या दिवशी वर डोंगरात, थंडीत, जाड्याभरड्या गवतावर शेकड्यानं बघितल्या होत्या, बारीक चणीच्या, वशिंडाच्या, आपल्या देशी गाईंच्या चुलत बहिणीच म्हणा. गाडीतले एकजण म्हणाले यांना अक्कल नाही, चारा इथं आणि जनावरं तिथं. मी ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, बाबू (म्हणजे आजोबा, तिथं वयस्कर माणसाला मानानं म्हणतात), पिल्लांमुळं. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मॅलिग्नंट कॅटॅरल फिव्हर! पुस्तकात वाचलेला, परीक्षेत लिहिलेला, उभ्या नोकरीत कधी न बघितलेला. वाइल्डबीस्टच्या लहान पिल्लांच्या नाका-डोळ्यांच्या पाण्यातून विषाणू पसरतो, त्यांना काही होत नाही, पण गाईला लागला की डोळे पांढरे होतात, नाकातून शेंबूड, ताप, आणि गाय बहुतेक जातेच. औषध नाही. म्हणून पिल्लं तीन-चार महिन्यांची होईपर्यंत मसाई आपली जनावरं त्या गवताच्या आसपास फिरकू देत नाहीत, डोंगरात नेऊन उपाशीतापाशी का होईना जगवतात. हे त्यांना कुठल्या व्हेटर्नरी कॉलेजनं शिकवलेलं नाही, कॉलेजवाले नंतर आले. म्हणजे मैदान वाइल्डबीस्टला, डोंगर गाईला, आणि पुढं कोरड्या दिवसांत अदलाबदल, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. आणि आपण त्याला म्हणतो अस्पर्श निसर्ग.

इथं मला बुळकांडीबद्दल (गाई-गुरांचा जुना जीवघेणा साथीचा रोग, रिंडरपेस्ट) लिहिल्याशिवाय राहवत नाही, कंटाळा आला तर संपादकांनी कात्री लावावी. १८८७ च्या सुमारास इटालियन सैन्यासाठी जनावरं नेली त्यांच्याबरोबर, आणि ती हिंदुस्थानातून नेलेली होती असं मानतात, बुळकांडी आफ्रिकेत पोचली आणि काही वर्षांत मसाईंच्या दहातल्या नऊ गाई मेल्या. लोक उपाशी मेले, वर देवीची साथ. त्याच रोगानं वाइल्डबीस्ट आणि रानम्हशी पण मारल्या. पुढं १९५०-६० च्या काळात गाईंना लस टोचली, फक्त गाईंना, जंगली जनावराला सुई कोण मारणार, आणि गाईतून रोग गेला तसा वाइल्डबीस्टमधूनही गेला. १९६१ ला जे अडीच-पावणेतीन लाख होते ते १९७७ पर्यंत तेरा लाखांच्या वर गेले. आज जगभरातून लोक जो महाप्रचंड कळप बघायला पैसे मोजतात ना तो गाईला टोचलेल्या लसीमुळं उभा आहे. मी ८० च्या दशकात सायकलवर थर्मासमध्ये बर्फ घालून वाड्यावस्त्यांवर हीच लस टोचत फिरलोय, लोक म्हणायचे डॉक्टर दूध कमी होतं, नको. २०११ ला बुळकांडी जगातून संपली असं जाहीर झालं, देवीनंतर माणसानं संपवलेला हा दुसराच रोग. न्दुतूच्या त्या मैदानात उभं राहून मला उगाच वाटलं की यात एक चमचा आपलापण वाटा आहे. (लंपी मात्र तिकडूनच आपल्याकडं आला, १९२९ मध्ये झांबियात पहिल्यांदा दिसलेला, म्हणजे फिट्टंफाट.)

क्रेटरचं वर्णन लेखात आलंय म्हणून मी थोडक्यात आवरतो. सकाळी सहाला गेट उघडतं, संध्याकाळी सहाच्या आत वर यावं लागतं. खाली गवताळ पट्टा, मधे खारं तळं मगादी, फ्लेमिंगोंची गुलाबी कड, एका बाजूला लेराईचं पिवळ्या बुंध्याच्या बाभळींचं रान, त्यात मोठ्या सुळ्यांचे म्हातारे नर हत्ती, दुसरीकडं गोड्या पाण्याची दलदल आणि पाणघोडे. गेंडा दिसला, पण एवढा लांब की आमच्यातल्या निम्म्यांनी दगडाचा फोटो काढला. साठच्या दशकात तिथं शंभराच्या वर काळे गेंडे होते, शिकाऱ्यांनी बोटावर मोजण्याइतके ठेवले, आता परत थोडे वाढलेत. सिंहांची गोष्ट मात्र लेखात हवी होती. १९६२ ला खूप पाऊस झाला आणि चावऱ्या माश्यांची लाट आली, स्टोमोक्सिस, आपल्या गोठ्यात जनावराच्या पायाला डसते ना अगदी तीच माशी, तिनं सिंह एवढे पोखरले की दहा-पंधरा उरले. आजचे बहुतेक सिंह त्या मूठभरांची अवलाद, बाहेरचा नर क्वचितच आत येतो. एकाच वळूवर गावचं खोंड-कालवडींचं घराणं चाललं की काय होतं ते आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

आणि जेवणाच्या वेळी तळ्याकाठी गाडीबाहेर बसू नका असं ड्रायव्हर सांगत होता ते मी ऐकलं नाही. दशमी हातात घेतली, वरच्या थरावर चटणी ठेवली, तोंडापाशी नेली आणि कानाशेजारून सूंऽऽ करून घार आली, दशमी गेली, बोटावर ओरखडा. चटणी शर्टावर. सिंह-बिबट्यांच्या देशात माझ्यावर हल्ला केला तो घारीनं, हे नातवाला अजून पटत नाही.

आता मसाईंच्या वस्तीचं, बोमाचं. आमच्या टूरवाल्यांनी (नाव घेत नाही) कार्यक्रमात दोन तास लिहिलेले, प्रत्यक्षात चाळीस मिनिटं मिळाली कारण पुढं लंचची वेळ चुकत होती. गाडीमागं ५० डॉलर दिले, पोरांनी उड्या मारून नाच दाखवला, मग प्रत्येकाला एकेका घरात नेलं आणि शेवटी मण्यांच्या माळांपाशी उभं केलं. आमच्यातल्या एका बाईंनी २० डॉलरची माळ ५ ला पाडून घेतली आणि गाडीत सगळ्यांना दाखवत होत्या, हॉटेलात त्याच बाई १२ डॉलरचं कॉकटेल काही न बोलता प्यायल्या. एकानं दूध काढणाऱ्या बाईच्या तोंडासमोर, न विचारता, फूटभरावर मोबाईल धरला. त्या बाईनं फक्त मान फिरवली. आपल्या वारीत असं कुणी आपल्या आजीच्या तोंडासमोर धरलं तर?

मी त्या घोळक्यातून मागं राहिलो. वस्तीभोवती काट्यांचं गोल कुंपण, मधे रात्री जनावरं बसायची मोकळी जागा, पायाखाली सगळं शेण. आमच्याकडं धनगर वाघूर (जाळी) लावून मेंढरं कोंडतात, इथं बाभळीच्या फांद्या, बाकी फरक नाही. घरं काठ्यांची, वरून शेणामातीनं लिंपलेली, आणि ती बायका बांधतात. आत अंधार, धूर, दोन मिनिटांनी डोळ्यांना दिसायला लागलं तर कोपऱ्यात करडू बांधलेलं. दुधाला लांबट सुकलेला भोपळा. तो धुताना त्यांनी पाणी वापरलं नाही, चुलीतलं पेटतं लाकूड विझवून त्याचं टोक आत घालून घासघास घासलं, मग काळी भुकटी झटकून टाकली. मला वास घ्यायला दिला. धूर आणि ताक यांच्या मधला काहीतरी, माझी आजी मडक्याला धुरी द्यायची तोच वास, साठ वर्षांनी. तेवढ्यात एक चार-पाच वर्षांचं पोरगं येऊन माझ्यासमोर मान खाली घालून उभं राहिलं. मला वाटलं खाऊ मागतंय, खिसे चाचपले. ड्रायव्हर म्हणाला डोक्यावर हात ठेवा, लहान मुलं मोठ्यांना असाच नमस्कार करतात. ठेवला. आपल्याकडं पाया पडल्यावर ठेवतो तसाच.

मग एक म्हातारबा आले, काठी, अंगावर लाल शुका (गुंडाळायचं कापड), कानाची पाळी लोंबलेली. ड्रायव्हर मधे, बोलणं सुरू झालं. त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला? तुझ्या गाई किती. म्हणलं दोन. त्यांनी ड्रायव्हरकडं बघितलं, नीट भाषांतर केलंस का म्हणून. मी परत दोन बोटं दाखवली. त्यांचा चेहरा असा पडला की जणू माझ्या घरी काहीतरी वाईट घडलंय. मग मी मोबाईलवर खरसुंडीच्या यात्रेतले खिल्लारचे फोटो दाखवले, ती मागं वळलेली लांबच लांब शिंगं, पांढरं अंग, आणि बघता बघता दहा-बारा पोरं जमा झाली, माळा विकणारे पण माळा टाकून आले, शिंगावरून बोट फिरवून फोटो मोठा करून बघत होते. त्या चाळीस मिनिटांतली तेवढी पाच मिनिटं कुणी कुणाला काही विकत नव्हतं.

त्यांनी सांगितलं ते असं. पूर्वी क्रेटरच्या आत वस्ती होती, १९७४ ला बाहेर काढलं. नंतर फक्त जनावरं पाण्याला आणि खाऱ्या मातीला खाली न्यायची सवलत होती, अलीकडं तीपण बंद. शेती करायची नाही, २००९ पासून ती बंद. आणि आता म्हणतात गावच सोडा. त्याच्यामागचा इतिहास असा आहे की १९५९ ला सेरेंगेटी नॅशनल पार्कमधून मसाईंना बाहेर काढलं तेव्हा त्यांना शब्द दिला होता की गोरोंगोरोत तुम्ही गाई घेऊन राहा, माणूस आणि वन्यजीव दोघांसाठी म्हणून ते वेगळं क्षेत्र त्याच वर्षी केलं. तेव्हा लोक होते आठेक हजार, आज लाखाच्या आसपास. सरकार म्हणतं एवढी माणसं आणि एवढी जनावरं त्या जमिनीला झेपत नाहीत, म्हणून २०२२ पासून सहाशे किलोमीटरवर म्सोमेरा नावाच्या गावी घरं बांधून लोकांना हलवायला सुरुवात केलीय, स्वेच्छेनं म्हणतात. मसाई म्हणतात दवाखाने-शाळांचा पैसा आटवला की स्वेच्छा आपोआप येते. ऑगस्ट २०२४ मध्ये हजारोंनी रस्त्यावर उतरले, सफारीच्या गाड्या अडकल्या, तेवढीच बातमी आपल्याकडं आली असेल तर आली.

मी सरकारी नोकरी केलीय, सरकारची बाजू मला कळते. चाऱ्यापेक्षा जनावर जास्त झालं की काय होतं ते दुष्काळात छावण्यांवर बघितलंय, माया वेगळी आणि हिशोब वेगळा. पण मग हिशोब सगळ्यांचा करा ना. कड्यावर एकापेक्षा एक लॉजेस आहेत, त्यांना पाणी लागत नाही? क्रेटरमध्ये एका दिवसाला उतरणाऱ्या गाड्यांची रांग मी मोजायला लागलो आणि सत्तरनंतर सोडून दिलं, एका सिंहिणीभोवती एकवीस गाड्या उभ्या होत्या. आम्ही गेलो तेव्हा गाडी खाली न्यायचे २९५ डॉलर, माणशी प्रवेश वेगळा. तो पैसा पाहिजेच, संरक्षण फुकट होत नाही. पण गाईच्या खुरानं गवत मरतं आणि लँडक्रूझरच्या टायरनं मरत नाही असं काही शास्त्र माझ्या वाचनात नाही.

आणि हे आपल्याला नवीन आहे का? ताडोबाचं नाव तारू या गोंडांच्या देवावरून पडलंय, देव तळ्याकाठी आहे आणि गोंडांची गावं बाहेर. मेळघाटात कोरकूंची गावं उठली, चांदोलीतली उठली. काहींचं भलं झालं, रस्ता-शाळा-लाईट मिळाली हे पण खरं, काहींना मिळालेल्या जमिनीत नुसते दगड. आपल्या सफारीच्या जाहिरातीत यातलं काही नसतं, मग आफ्रिकेच्या लेखात कुठून येणार.

अजून एक. गोरोंगोरो हे नाव मसाई सांगतात त्याप्रमाणे गाईच्या गळ्यातल्या घंटेच्या आवाजावरून आलंय, न्गोरो न्गोरो. वर थंडीत उभं राहिलं की धुक्यात काही दिसत नाही पण तो आवाज येतो, लाकडाच्या पोकळीतून आल्यासारखा, घुंगरासारखा टणटण नाही. आमच्या ग्रुपमधले म्हणाले पक्षी असेल.

तर विनंती अशी की जिराफांची दुरुस्ती छापावी, आणि पुढच्या वेळी असा लेख आला की त्यात निम्मा कॉलम तरी तिथल्या माणसांना द्यावा, लेखकाला जमत नसेल तर मी लिहून देतो, मानधन नको. वाचकांपैकी कुणी जाणार असेल तर टूरवाल्याशी आधीच भांडून बोम्यातला वेळ वाढवून घ्या, फोटो विचारून काढा, आणि आपल्या घरच्या जनावरांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा. सोबत एक फोटो पाठवतोय, त्यात वन्य प्राणी एकपण नाही. तीन गाई आणि त्यांच्यामागं ते मान वाकवणारं पोरगं आहे. वडिलांना विचारून काढलाय, छापला तर अंक मला जास्तीचा एक पाठवा, ड्रायव्हरच्या हाती पोचवायचा आहे.

आपला,
एक जुना वाचक (निवृत्त पशुधन पर्यवेक्षक), ता. आटपाडी